भिंतीपलीकडचे दोन जायंट : अकराव्या लेव्हलच्या पार्टीसमोर आव्हान उभं करताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलवरच्या भूमिका-खेळाचं एक सेशन थांबलं तेव्हा पटावरची स्थिती अशी होती. डोंगराच्या पोटातून किल्ल्याच्या चौकात निघणारा दोनशे फुटी बोगदा, तीस फूट रुंद आणि तीस फूट उंच. बोगद्याच्या बाहेरच्या तोंडाशी एक फायर जायंट (अग्निराक्षस) मरून पडलेला. त्याच्यामागे आणखी दोन फायर जायंट उभे, अंगावर ओरखडाही नसलेले. मेलेला आणि जिवंत यांच्या मधोमध विझार्डने (जादूगाराने) उभी केलेली वॉल ऑफ फोर्स, म्हणजे जादूची अभेद्य भिंत. लढाईला जेमतेम दोन राउंड झाले होते, म्हणजे खेळातली बारा सेकंदं. भिंत दहा मिनिटं टिकते.

खेळाची पाचवी आवृत्ती, 2014 सालचे नियम. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, चौघांची : फायटर (योद्धा), रोग (लपूनछपून काम करणारा चोर), क्लेरिक (बरं करणारी पुजारीण) आणि विझार्ड, सगळे अकराव्या लेव्हलचे. टेबल माझं नव्हे, एका मित्राचं. त्याची कॅम्पेन (सलग चालणारी कथा) पहिल्या लेव्हलपासून चालू आहे आणि मी अधूनमधून त्याच्याबरोबर तयारीला बसतो. या वेळी तो वैतागूनच आला होता. ‘‘तीन जायंट ठेवले होते, तीन! एकालाही धड तलवार चालवता आली नाही. आता पुढच्या वेळी ते भिंत उतरवणार, दुसरा मारणार, मग तिसरा. हे असंच चालणार असेल तर मी काय करायचं?’’

लेव्हल वाढत गेली की प्रत्येक डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) कधी ना कधी हा प्रश्न पडतो, आणि त्याचं सगळ्यात जवळचं उत्तर घातक असतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आधी आकडे बघू, कारण मित्राची तक्रार आकड्यांनी खरी ठरते. एका फायर जायंटचं चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड याचा आकडा) 9, त्याला हरवल्याचे एक्सपी (अनुभवाचे गुण) 5,000. तिघांचे 15,000. 2014 च्या नियमांत शत्रू तीन ते सहा असतील तर या बेरजेला दोनाने गुणायचं असतं, म्हणजे 30,000. अकराव्या लेव्हलच्या चौघांसाठी ‘डेडली’ची पातळी 14,400 पासून सुरू होते. कागदावर ही लढाई जीवघेण्या पातळीच्या दुप्पट होती, आणि तसं वाटायलाही हवं होतं. एका जायंटचे दोन्ही वार बसले तर सरासरी 56 डॅमेज होतं. शंभराच्या आसपास हिट पॉइंट्स (मार सोसायची ताकद) असलेला फायटर तिघांच्या मधे सापडला, तर दुसरा राउंडही उभा राहून पुरा करेल की नाही याची खात्री नाही.

आता ती दोनाची गुणाकार-संख्या कशासाठी आहे ते बघा. तिघं एकत्र, एकाच राउंडमध्ये वार करणार, याची ती किंमत. वॉल ऑफ फोर्समध्ये दहा फूट बाय दहा फुटांचे दहा तुकडे मिळतात. तीस बाय तीसचा बोगदा बंद करायला नऊ पुरतात. विझार्डच्या खेळाडूने पटावरचे चौकोन मोजले, एक तुकडा शिल्लक राहतो हेही मोठ्याने सांगितलं, आणि पहिल्या जायंटच्या पाठीमागे भिंत टाकली. त्या क्षणी गुणाकार संपला. उरला एकटा जायंट, 5,000 एक्सपीचा. या पार्टीसाठी 3,200 ते 6,400 म्हणजे ‘ईझी’. पाचव्या लेव्हलचा एक स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) खर्चून लढाई सगळ्यात वरच्या पायरीवरून सगळ्यात खालच्या पायरीवर आली. फायटरने अ‍ॅक्शन सर्ज (एक जादा कृती) वापरून सहा वार केले, रोगचा स्नीक अटॅक (चोरटा वार) लागला आणि दुसऱ्या राउंडला 162 हिट पॉइंट्सचा जायंट आडवा झाला.

मला विचाराल तर हा खेळ अतिशय सुंदर होता. खेळाडूने जागा मोजली, आपल्या हातात काय आहे ते ओळखलं आणि नेमकं वापरलं. अशा खेळीला पुढच्या सेशनमध्ये शिक्षा मिळाली तर टेबलवरचा विश्वास जातो.

मित्राच्या वहीत मात्र शिक्षेच्याच कल्पना होत्या. उरलेल्या जायंटांचे हिट पॉइंट्स दुप्पट करावेत. मागून एक शत्रू जादूगार आणावा, त्याच्याकडे डिसइंटिग्रेट (भस्म करणारा मंत्र) असावा, म्हणजे भिंत उडेल. किंवा चौकातच अँटीमॅजिक (सगळी जादू बंद पाडणारं क्षेत्र) लावून टाकावं.

पहिलीतला तोटा गणिताचा आहे. हिट पॉइंट्स दुप्पट केले की राउंड दुप्पट होतात, निर्णय तेवढेच राहतात. दोन राउंडमध्ये जे केलं तेच चार राउंड करायचं. अकराव्या लेव्हलला एकेक राउंड संपायला वेळ लागतो, आणि त्या लांबलेल्या वेळात ‘मी परत वार करतो’ याखेरीज कुणाकडे काही सांगण्यासारखं नसतं. दुसरी कल्पना नियमाने बरोबर आहे, डिसइंटिग्रेटने वॉल ऑफ फोर्स नष्ट होतेच. पण हा जादूगार आदल्या सेशनपर्यंत कुणाच्या ऐकिवात नव्हता. ज्या आठवड्यात भिंत उभी राहिली त्याच आठवड्यात तिचा उतारा घेऊन तो उगवला, तर खेळाडूंना लगेच कळतं. तिसरीबद्दल मला तिडीकच आहे. दहा लेव्हल चढून मिळवलेली ताकद काढून घ्यायची आणि मग म्हणायचं की आता आव्हान आहे! तसं असेल तर मग लेव्हल वाढवल्याच कशाला?

माझं म्हणणं साधं होतं. भिंत शंभर टक्के चालली असं धरून चाल आणि मग विचार, त्यामुळे आता काय झालं?

वॉल ऑफ फोर्स अदृश्य असते. म्हणजे पलीकडच्या दोन जायंटांनी आपला सोबती बारा सेकंदांत कसा मेला ते समोर उभं राहून पाहिलं. त्यांनी भिंतीवर दोन गुद्दे मारले असतील, ती हलत नाही हे त्यांना कळलं असेल. फायर जायंटची बुद्धी 10, साधारण माणसाएवढी. साधारण माणूस अशा वेळी भिंत उतरायची वाट बघत रांगेत उभा राहील का? मित्राच्या डोक्यात मात्र ते दोघं तिथेच थांबून राहिले होते, कारण पटावर त्यांच्या सोंगट्या तिथे होत्या.

दुसरी गोष्ट, भिंत दोन्ही बाजूंनी भिंत असते. ही पार्टी किल्ल्यात कशासाठी आली होती? खिंडीवर एका प्रौढ लाल ड्रॅगनचा ताबा आहे. खालच्या वस्त्यांतून वेठीला आणलेली चाळीसेक माणसं किल्ल्यामागच्या खाणीत राबतात, त्यांना सोडवायला. बाहेर पडायचा पायी रस्ता एकच, हाच बोगदा. म्हणजे भिंत असेपर्यंत जायंट पार्टीपर्यंत पोचत नाहीत, तशी पार्टीही कैद्यांपर्यंत पोचत नाही. वेळ जायंटांच्या बाजूने चाललेला आहे.

तिसरी गोष्ट पार्टीला आधीपासून ठाऊक होती. किल्ल्याच्या बुरुजावर इशाऱ्याची चूल आहे आणि ती पेटली की ड्रॅगन येतो, असं त्यांना एका पळून आलेल्या कैद्याने पूर्वीच सांगितलं होतं. ड्रॅगनचं शिखर किल्ल्यापासून दोन मैलांवर. प्रौढ लाल ड्रॅगनचा उडण्याचा वेग राउंडला 80 फूट, जोर लावला तर 160. दोन मैल म्हणजे 10,560 फूट. भागाकार केला तर 66 राउंड, सहा मिनिटं छत्तीस सेकंदं. जायंटला बोगदा ओलांडून बुरुजावर चढायला मिनिटभर धरा. ड्रॅगन साधारण साडेसात मिनिटांनी पोचतो. भिंत दहा मिनिटांची.

हा हिशेब कागदावर आला तेव्हा मित्राचा चेहरा उजळला. एकही आकडा वाढवला नव्हता, एकही नवा शत्रू आणला नव्हता. सगळं त्याच्याच वहीत होतं.

पुढच्या सेशनची तयारी मग एका अडचणीवर येऊन थांबली. साडेसहा मिनिटांचे 66 राउंड कुणी खेळायचे? एवढे राउंड खेळले तर रात्र संपेल. मित्राने ठरवलं की चूल पेटल्यापासून मिनिटाची फेरी करायची. प्रत्येक मिनिटात प्रत्येकाला एक मोठी कृती : धावत चौक गाठणं, साखळीचं कुलूप उघडणं, वीसेक जणांना बोगद्याकडे वळवणं. हाणामारी सुरू झाली की तेवढ्यापुरतं सहा सेकंदांच्या राउंडवर यायचं आणि ती संपली की परत मिनिटांवर. पटाशेजारी सहा फासे मांडायचे आणि दर मिनिटाला एक उचलायचा, सगळ्यांना दिसेल असा. मी यात एवढीच भर घातली की खेळाडूंनी विचारलं तर वेळ खरी सांग. लपवलेल्या घड्याळाची धास्ती वाटत नाही, ते संपल्यावर नुसता राग येतो.

सेशनच्या सुरुवातीला मित्राने वर्णन केलं : एक जायंट वळून चौकाकडे धावला, दुसरा पाठमोरा न होता मागे सरकत गेला, तुमच्याकडे बघत. थोड्या वेळाने बुरुजावर जाळ दिसला. टेबल क्षणभर गप्प, मग एकदम कालवा.

फायटर म्हणाला, भिंत आत्ताच्या आत्ता उतरव. क्लेरिक म्हणाली, थांबा, आधी सगळ्यांना नीट करते. रोगला फ्लाय हवा होता, कड्यावरून वळसा घालून मागे उतरायला. इथे खरा पेच पडला, कारण फ्लायलाही कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवायला सतत धरलेलं लक्ष) लागतं आणि भिंतीलाही. एका वेळी एकच. शिवाय पाचव्या लेव्हलच्या स्लॉटने फ्लाय टाकला तर तिघंच उडतात, आणि उडणाऱ्यांना ड्रॅगनने आकाशात गाठलं तर? त्याच्या श्वासाचं सरासरी डॅमेज 63. विझार्ड सेव्ह (बचावाचा फासा) चुकला तर कॉन्सन्ट्रेशन टिकवायला 31 लागतात. त्याच्यासाठी ते अशक्यच, आणि तिघंही एकदम खाली. हे गणित विझार्डच्या खेळाडूने स्वतःच मांडलं. डीएमने एक शब्दही काढला नव्हता.

वरच्या लेव्हलला आव्हान खरं कुठे असतं ते या चर्चेत दिसलं. स्लॉट पुष्कळ असतात, स्पेल त्याहून पुष्कळ, पण कॉन्सन्ट्रेशन एकच. उपाय सुचवायला कुणी अडत नव्हतं. अडत होतं ते कुठला उपाय सोडून द्यायचा यावर. पहिल्या लेव्हलला दार बंद असलं की ते उघडेल का हा प्रश्न असतो. अकराव्या लेव्हलला चौघांकडे ते उघडायचे चार मार्ग असतात आणि प्रत्येक मार्गाने दुसरीकडचं काहीतरी सुटतं.

शेवटी ठरला डायमेन्शन डोअर. चौथ्या लेव्हलचा स्लॉट, पाचशे फुटांपर्यंत उडी, सोबत एकाच माणसाला नेता येतं आणि कॉन्सन्ट्रेशन लागत नाही. विझार्डकडे असे स्लॉट तीन होते. रोगला नेऊन परत येऊन क्लेरिकलाही न्यावं का, यावर बरीच घासाघीस झाली. तसं केलं तर तीनही स्लॉट जाणार, आणि फायटर तरीही बाहेरच. एकाच खेपेवर एकमत झालं. विझार्ड आणि रोग चौकात, फायटर आणि क्लेरिक भिंतीबाहेर. ‘पार्टी फोडू नका’ हा जुना मंत्र त्यांनी स्वतःच्या बुद्धीने, डोळे उघडे ठेवून मोडला. डीएमने फोडलेली पार्टी आणि खेळाडूंनी फोडलेली पार्टी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चौकात दुसरा जायंट कैद्यांची साखळी मागच्या पुलाकडे ओढत होता. इथे विझार्डने जे केलं ते मला फार आवडलं. त्याने बॅनिशमेंट टाकला. त्यालाही कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे भिंत गेली, पण आता तेच तर हवं होतं : बोगदा मोकळा. जायंटला करिश्मा सेव्हवर 12 किंवा अधिक हवे होते, पडले 7. तो मिनिटभरासाठी गायब झाला. फायटर आणि क्लेरिक दोनशे फूट धावत आले, आणि जायंट त्याच जागी परत प्रकटला तेव्हा चौघंही कोंडाळं करून उभे होते. तो तिथेच संपला. मित्राने त्याला वाचवायचा काहीही प्रयत्न केला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवं. मिनिटं जळत होती, तेवढं पुरे होतं.

उरलेला जायंट बुरुजावरून दगड फेकत राहिला आणि फायटरने ते अंगावर घेतले. रोगने कुलपं उघडली. पण साखळदंडात महिनोन् महिने राबलेली माणसं किती वेगाने पळणार? सहावा फासा उचलला तेव्हा डझनभर कैदी अजून बोगद्यात होते.

ड्रॅगनबाबत आमच्या दोघांचं आधीच बिनसलं होतं. एकट्या प्रौढ लाल ड्रॅगनचे एक्सपी 18,000. हिट पॉइंट्स 256, शिवाय दिवसातून तीन वेळा चुकलेला सेव्ह बरोबर करून घेणारा लेजेंडरी रेझिस्टन्स. त्याला बॅनिशमेंटने घालवायचं तर किमान चार वेळा टाकावा लागेल. माझं मत होतं की त्याने आल्या आल्या बोगद्यात श्वास सोडावा. तो क्रूर आहे हे आजवर सांगितलं गेलंय, आता दिसू दे. मित्राचं म्हणणं, ती माणसं म्हणजे त्याची खाण चालवणारे हात. लोभी प्राणी आपलीच मालमत्ता जाळणार नाही, आधी बोलेल. टेबल त्याचं, निर्णय त्याचा. ड्रॅगन बुरुजावर उतरला आणि बोलला : बाहेर पडले ते तुमचे, बोगद्यात आहेत ते परत पाठवा, नाहीतर बोगदा पेटवतो.

लढायचं म्हटलं तर विझार्डकडे सहाव्या, पाचव्या आणि चौथ्या लेव्हलचा एकेक स्लॉट शिल्लक होता. आकडे अगदीच निराशाजनक नव्हते. पण लढाई जिंकली तरी त्या डझनभर माणसांचं काय, याला कुठल्याच स्पेलमध्ये उत्तर नव्हतं. तिथे फायटर पुढे आला. त्याने ड्रॅगनला शब्द दिला : या माणसांना जाऊ दे, वस्त्यांकडून तुझी खंडणी पुन्हा सुरू होईल, आणि पुढच्या पौर्णिमेला मी स्वतः ती घेऊन येईन. ड्रॅगनने नाव विचारलं, परत एकदा उच्चारायला लावलं आणि कबूल झाला. चाळीसही माणसं सुटली, खिंड ड्रॅगनकडेच राहिली.

आता जे जमलं नाही तेही सांगतो. शेवटचा प्रसंग सोडला तर पूर्ण सेशनभर फायटरचा खेळाडू इतरांच्या मागे होता. भिंत, उडी, बॅनिशमेंट, प्रत्येक वळण विझार्डच्या हातात. दोष डीएमचा नाही, खेळाच्या रचनेतच तो आहे. अकराव्या लेव्हलला फायटरला एका राउंडमध्ये तिसरा वार मिळतो, विझार्डला सहाव्या लेव्हलचे स्पेल मिळतात, आणि या दोन देणग्यांची तुलनाच होऊ शकत नाही. आव्हान लढाईबाहेर नेलं की हे अंतर आणखी रुंदावतं, हा या पद्धतीचा खरा तोटा आहे.

जुन्या नियमांत यावर एक उत्तर होतं आणि ते मला आजही शहाणपणाचं वाटतं. 1978 च्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत नवव्या लेव्हलचा फायटर स्वतःची गढी बांधू शकत असे, आणि तिथे सैनिक आपणहून त्याच्या पदरी येत. विझार्डची ताकद स्पेलमध्ये, फायटरची माणसांमध्ये. पाचव्या आवृत्तीत फायटरला हे आपोआप मिळत नाही, पण कुणी अडवतही नाही. मित्राला मी तेच सुचवलं. सुटलेल्या चाळिसांपैकी बऱ्याच जणांना जायला घर उरलेलं नाही. त्यांनी कुणाकडे जावं? ज्याने त्यांच्यासाठी ड्रॅगनला शब्द दिला त्याच्याकडे. आता फायटरकडे माणसं आहेत, त्यांना पोसायची जबाबदारी आहे, आणि ज्या वस्त्यांच्या वतीने त्याने न विचारता खंडणी कबूल केली त्यांच्या पंचांपुढे त्याला उभं राहायचं आहे. तिथे विझार्ड त्याच्या पाठीमागे बसेल.

तेराव्या लेव्हलला विझार्डला टेलिपोर्ट मिळेल. स्वतःसकट नऊ जण, त्याच जगात माहीत असलेल्या हव्या त्या ठिकाणी. दोन मैलांचा हिशेब, सहा फासे, एकच बोगदा, हे सगळं त्या दिवशी निकामी होणार. मित्राने आतापासूनच वहीतल्या पुढच्या पानांवरची अंतरं खोडायला घेतली आहेत. जिथे ‘तीन दिवसांचा प्रवास’ लिहिलं होतं तिथे आता तो लिहितो आहे की त्या गावात पार्टीचं कोण ओळखीचं आहे, ते पार्टीला दारात उभं करतील का, आणि एकाच पौर्णिमेला आणखी कुणाला पार्टी हवी आहे. ड्रॅगनने बोलायला हवं होतं की जाळायला, यावर मात्र आमचं अजून पटलेलं नाही. पौर्णिमेचं सेशन झाल्यावर तो वाद पुन्हा निघेल.